पाणी लागलं

आधीच सांगून टाकतो, मी बरा आहे. आजारपणात असे अनुभव वाचताना मी थेट शेवटचं पान उघडायचो, लिहिणारा जगला की गेला ते बघायला. तुमची तेवढी धाकधूक वाचवतो. रक्त ठीक आहे, भूक सणसणीत लागते, आणि बायको पूर्वीसारखी खेकसायला लागली आहे. तब्येत सुधारल्याची यापेक्षा खात्रीची खूण मला माहीत नाही.

मी बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. धुळे ते शिरपूर पट्ट्यात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वरातीपुढे मी गाल फुगवून उभा होतो. सगळे मला मास्टर म्हणतात. गाव हायवेपासून आत आहे, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्यापायी ते आधीच बदनाम झालंय. नाव छापून आलं तर गावातल्या पोरांना मुली मिळायच्या नाहीत, आणि लग्नंच झाली नाहीत तर मी वाजवू कुठे?

लिहायला सांगितलं ते आमच्या डॉक्टर मॅडमनी. म्हणाल्या, "मास्टर, नवे पेशंट येतात ते माझं ऐकून घेतात, पण विश्वास ठेवतात तो तुमच्यासारख्यावर." म्हणून हा खटाटोप.

गोडं पाणी

आमच्या गावचं पाणी पिढ्यानपिढ्या खारं. इतकं, की सोडा टाकल्याशिवाय तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यामुळे पाणी चांगलं की वाईट हे ठरवायची आमच्याकडे एकच परीक्षा, डाळ शिजते का? शिजली, की पाणी पास.

माझ्या मायने सगळा जन्म नदीकाठच्या विहिरीवरून गोडं पाणी डोक्यावर वाहिलं. घरामागे बोअर मारलं त्या दिवशी ती मशीनजवळून हलली नाही. धुरळा उडत होता, तोंडात माती जात होती, पण ती तिथेच. शेवटी धुरळ्याचा चिखल झाला आणि मशीनवाला ओरडला, "पाणी लागलं!" माय पदर तोंडाला लावून रडली. नारळ फोडला, गल्लीभर गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी डाळ लावली, ती बिनसोड्याची मऊ शिजली, आणि तेव्हापासून आमचा नळ सगळ्या गल्लीचा झाला. हंडा घेऊन आलेल्या कुणालाही माय नाही म्हणाली नाही.

पाण्याला पहिल्यापासून थोडा वास होता. मोटर बसवणारा म्हणाला, नवी मोटर ऑइल सोडते, आठवड्याभरात जाईल. वास गेला नाही, आमची नाकं सरावली. एखादा पाहुणा तोंड वाकडं करायचा, "पानीले रॉकेलना वास येस." माय लगेच म्हणायची, "शहरनं नाक शे तुमनं." कधीमधी हंड्यावर तवंग दिसायचा. त्याला आम्ही तर्री म्हणायचो. शेवभाजीवर तर्री चालते, मग पाण्यावर का नको! आता लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा खरंच हसायचो.

नाल्यापलीकडे काळ्या तेलाचा कारखाना आहे. गॅरेजमधून काढलेलं जळकं ऑइल टँकरने तिथे येतं, ते उकळून पुन्हा विकण्याजोगं करतात. खाली डांबरासारखा गाळ उरतो, तो मागच्या उघड्या खड्ड्यात टाकतात. तो खड्डा आणि आमचं बोअर यांच्यामध्ये एक नाला आणि एक शेत, बस. पण जमिनीच्या पोटात काय कुठून कुठे जातं याचा विचार आमच्यात कुणी केला नव्हता. वर दिसत होतं ते शेत, आणि त्यात कपाशी चांगली येत होती.

उष्णता

बँडवाल्यांचा एक नियम असतो, बाहेरचं पाणी प्यायचं नाही. गावोगावचं पाणी प्यायलं की घसा बसतो, पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाने ट्रंपेट फुंकणं म्हणजे काय संकट असतं ते मी इथे लिहीत नाही. लगीनसराईत मी घरून मोठा कॅन भरून न्यायचो. यजमानाने थंड बाटली पुढे केली तरी मी हात जोडायचो, "आमचं घरचं आहे." फार अभिमान होता मला त्या कॅनचा.

त्या उन्हाळ्यात मला दम लागायला लागला. लांब सूर धरायचा, तो मध्येच तुटायचा. लोकांना वाटायचं मास्टर नवीन काहीतरी वाजवतोय. मग एका वरातीत तोंडाला खारट चव आली. ट्रंपेटचं तोंड पुसलं तर रुमालावर रक्त. दंडावर निळे डाग पडायचे, कुठे आपटलो ते आठवायचं नाही.

"उष्णता शे," माय म्हणाली. "पानी पे. भलतं पानी पे." भलतं म्हणजे आमच्याकडे भरपूर.

आमच्याकडे हिरड्यांतून रक्त म्हणजे उष्णता, डोळे लाल म्हणजे उष्णता, चिडचिड म्हणजेही उष्णताच. मी सब्जा घातलेलं पाणी तांब्यावर तांब्या रिचवलं. घरचंच. जितका अशक्त व्हायचो, तितकं जास्त प्यायचो.

दात नंतर

शेवटी शिरपूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंड उघडायला लावलं, मग बाही वर करायला लावली. हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाले, "दात नंतर बघू. आधी रक्त तपासा, आत्ताच."

लॅबमधून लगेच फोन आला, पुन्हा या, मशीन चुकलं असावं. पुन्हा रक्त दिलं. मशीन चुकलं नव्हतं. चिठ्ठी देताना लॅबवाला माझ्याकडे बघत नव्हता, माझी बायको वैशाली हिच्याकडे बघत होता. "आजच धुळ्याला न्या. रस्त्यात कुठे धक्का लागू देऊ नका."

हमीदभाई आमच्या बँडमध्ये ढोल वाजवतात. राहायला शिरपुरात, वयाने माझ्याहून मोठे, आणि बँडचा टेम्पो त्यांच्याच दारात उभा असतो. मिळेल त्या गाडीने जायचं म्हणून मी त्याच टेम्पोत बसलो. दोन्ही बाजूंना रंगीत दिवे, मागे मोठ्या अक्षरांत 'शुभविवाह', आणि आत वधूपित्यासारखा चेहरा करून मी. हायवेवर गाड्यांतली पोरं हात हलवत होती. हमीदभाई गाडी इतकी सावकाश चालवत होते की ट्रॅक्टर पुढे जात होते.

"मास्टर, घबरायचं नाही," ते म्हणाले. "आपण बिदाई वाजवतो, आपली होत नसते."

मला हसू आलं, आणि हसताना हिरडीतून पुन्हा रक्त आलं. वैशालीने रुमाल दिला. ती रस्त्याकडेच बघत बसली होती. माझा हात मात्र तिने धुळे येईपर्यंत सोडला नाही.

झोपलेला कारखाना

धुळ्याच्या हॉस्पिटलात कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. दुखतं का? दुखतं. खोटं सांगत नाही. पण जितकं ऐकून घाबरलो होतो तितकं नाही. पाठीवर नर्सने हात ठेवला होता, तो हात जास्त लक्षात आहे.

डॉक्टर मॅडम कोल्हापूरकडच्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी पुस्तकी नावं बाजूला ठेवून सांगितलं, "हाडांच्या आत रक्ताचा कारखाना असतो. तुमचा जवळजवळ बंद पडलाय. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या पेशी, तिन्ही कमी. हा कॅन्सर नाही. पण कमी धोक्याचाही नाही. कधी कधी कारण काढून टाकलं की कारखाना पुन्हा सुरू होतो. नाही झाला, तर भावाबहिणीच्या हाडातला मगज घालावा लागेल, त्यासाठी मुंबईला जावं लागेल."

मला ना भाऊ, ना बहीण.

मी विचारलं, ट्रंपेट वाजवू का? मॅडम म्हणाल्या, सध्या जोरात शिंकूही नका. डोक्यात जोर आला आणि आत रक्त सुटलं तर थांबणार नाही. ब्रश नको, बोटाने दात घासा. ब्लेड नको, दाढी वाढू द्या. कच्चं काही नको. ठेचा नको, कांदा नको. खान्देशी माणसाला ठेचा आणि कांदा नको म्हणणं ही वेगळी शिक्षा आहे.

त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. कारखाना बंद पडायचाच होता तर गावाबाहेरचा पडावा, हा माझ्या हाडातला कसा पडला? तेव्हा हे नुसतं चिडून मनात आलं होतं. दोन्ही कारखान्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

माय आणि मॅडम

मॅडम कारण शोधत होत्या. शेतात फवारणी करता का? नाही. केसांना काळं लावता? लावतो, लग्नात म्हातारा ट्रंपेटवाला कुणाला आवडतो, पण कधीमधी. कुठलं चूर्ण, कुठला काढा? नाही. पेट्रोल पंपावर, रंगकामावर? नाही.

माय उशाशी बसली होती. मॅडम तिच्याकडे वळल्या. "आजी, दोन-तीन वर्षांत घरात काही नवीन झालं?"

"नवं काय व्हनार, बाई? बठ्ठं चांगलं शे. दोन साल पहिले पानी लागनं, तेवढंच."

मॅडमचं पेन थांबलं. "पाणी लागलं? कोणाला?"

"कोनले म्हंजे? आमले. बठ्ठी गल्लीले."

"सगळ्या गल्लीला? मग कोणी दवाखान्यात नाही आलं?"

"दवाखानाम्हा कसाले?" मायला ही बाई येडीच वाटली. "नारय फोडं, गूळ वाटा!"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला हसायची बंदी होती, मी चादर तोंडावर घेतली. वैशालीने उलगडा केला, "मॅडम, बोअरला पाणी लागलं. आमच्याकडे बोअरला पाणी सापडलं की तसं म्हणतात." मॅडमच्या माहेरी एखाद्याला परगावचं पाणी बाधलं की पाणी लागलं म्हणत. त्याही हसल्या. खोलीतलं वातावरण जरा सैल झालं.

पण पेन त्यांनी खाली ठेवलं नाही. "बरं, बोअर कुठे आहे? आजूबाजूला काय आहे?"

मी सांगितलं. शेत, नाला, नाल्यापलीकडे तेलाचा कारखाना.

"पाण्याला वास येतो?"

मी नाही म्हणणार होतो. वैशाली खाली बघून म्हणाली, "येतो. मी ते पाणी पीत नाही. कंपनीतून बाटली भरून आणते."

ती शिरपूरला कपडे शिवायच्या कंपनीत जाते. घरी आल्यावर ती पिशवीतली बाटली तोंडाला लावायची, मला वाटायचं उरलेलं संपवतेय. मायने मान वर केली. त्या नजरेत जे होतं ते बघून मला सुईपेक्षा जास्त लागलं.

मॅडम म्हणाल्या, "ते पाणी आजपासून बंद. मास्टरांचं आणि घरातल्या सगळ्यांचं."

व्हरांडा

आजारी माणसाच्या कानांना विश्रांती नसते. व्हरांड्यात सासू-सुनेचं चाललेलं मला आतून ऐकू येत होतं.

"तुले माहीत व्हतं त सांगं का नही?"

"सांगितलं होतं, माय. तुम्ही म्हणालात, कंपनीत जायला लागल्यापासून हिला घरचं पाणी गोड लागत नाही."

"मंग नवराले तरी रोकती."

"ते ऐकतात का माझं? कॅन घेऊन मिरवत होते गावभर!"

हे मात्र खरं होतं. आत पडल्या पडल्या मी मान डोलावली.

मग माय आत आली ती ताठ. म्हणाली, पाण्यात काही नाही, सरकारी माणूस तपासून गेला होता, ग्रामपंचायतीत लिहून आलंय, पिण्यास योग्य. आणि घरी गेल्यावर तिने हट्टाने तेच पाणी प्यायलं. गल्लीलाही तेच दिलं. मी फोनवर ओरडलो तर म्हणाली, "मी मरनु का? त्या मरनात का?"

मला तिचा राग आला होता. पण ज्या बाईने जन्मभर पाणी वाहिलं, तिला म्हातारपणी दारात नळ मिळाला, आणि आता तो नळच मुलाच्या जिवावर उठला असं मान्य करायचं, हे सोपं नव्हतं. हे मला बरा झाल्यावर कळलं. तेव्हा फक्त राग होता.

मॅडमनीच तोड काढली. मायला बोलावून घेतलं आणि तिचंही रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. तेच पाणी, पण एकाला पाडतं, दुसऱ्याला नाही, असं होतं म्हणे. आणि लगीनसराईत माझ्याइतकं पाणी घरात कुणीच पीत नव्हतं. माय रिपोर्ट ऐकून विजयी मुद्रेने बसली होती, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्या गावच्या पाण्याची तपासणी झाली ती जंतूंची. पाण्यात जंतू नव्हते, म्हणून योग्य. तेल आहे का ते कुणी तपासलंच नाही."

माय विचारात पडली. मग म्हणाली, "तपासं नही, त चांगलं कसं म्हनं?"



दुसऱ्या दिवशी मायने मोटरचं बटण बंद केलं आणि गल्लीत दारोदार गेली. ज्यांना दोन वर्षं पाणी दिलं, त्यांना सांगत फिरली, "हाई पानी पिऊ नका." एकीने तोंडावर म्हटलं, तुमचा पोरगा आजारी पडला म्हणून आमचं पाणी तोडता का? माय तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हां. मना पोऱ्या पडना म्हनीसन. तुना पडू नये."

लाल कोट

हॉस्पिटलमध्ये सकाळची सुरुवात सुईने व्हायची. रक्त न्यायचे, मग दुपारपर्यंत आकड्याची वाट बघायची. कुणी निवडणुकीच्या निकालाकडे डोळे लावत नसेल तसे आम्ही लावायचो. आकडा खाली, की बाहेरच्या पेशी चढवायच्या. त्यासाठी रक्तदाते हवेत, आणि ऐन लगीनसराईत माणसं आणायची कुठून?

एका दुपारी खाली गोंधळ ऐकू आला. वैशाली बघून आली आणि दारातच तोंडाला पदर लावून हसायला लागली. आमचा अख्खा बँड रक्तपेढीत उभा होता. सकाळचं लग्न वाजवून थेट आले होते. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. वॉचमन विचारत होता, लग्न कुणाचं आहे? हमीदभाईंनी सांगितलं, "लग्न नाही, मास्टरचं रक्त आहे."

कुणाचं वजन कमी भरलं, कुणाचं वय जास्त. हमीदभाईंना वयामुळे नको म्हणाले, तर ते हुज्जत घालत बसले. ज्यांचं चाललं त्यांनी दिलं, बिस्किटं खाल्ली आणि संध्याकाळच्या वरातीला गेले. मला खिडकीशी उभं करून वैशालीने त्यांना हात करायला लावला. खाली टेम्पोजवळ सगळ्यांनी टोप्या काढल्या. मी रडलो. रडायला बंदी नव्हती.

आजारी माणसाच्या नातेवाइकांना एवढंच सांगतो, "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. आजारी माणूस सांगत नाही. या, आणि जे काही द्यायचं ते देऊन जा.

पिण्यास योग्य

घरी सोडल्यावर मी तोंडाला पट्टी बांधून ऑफिसं फिरलो. मॅडम ओरडल्या, पण घरात बसून माझं डोकं फुटलं असतं.

एका ऑफिसात सांगितलं, खासगी बोअर आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, भूजल आमचं, पण कारखाना आमचा नाही. तिसऱ्याने सांगितलं, कारखाना आमचा, पण पाण्याचं आधी सिद्ध व्हायला हवं. म्हणजे पाणी वर आलं की एकाचं, जमिनीखाली दुसऱ्याचं, कारखान्यातून निघालं की तिसऱ्याचं. पोटात गेलं की फक्त माझं.

तरी अर्ज देत राहिलो, आणि एक साहेब पाहणीला आले. ते येणार हे आमच्याआधी कारखान्याला कळलं असावं, कारण खड्ड्यावर ताजा मुरूम टाकला होता आणि त्यात लिंबाची रोपं लावली होती. आदल्या दिवशी तिथे मुरूमही नव्हता आणि लिंबही नव्हता. साहेबांनी रोपांचं कौतुक केलं. मग आमच्याकडे येऊन बोअरच्या पाण्याची बाटली भरली, ती पुन्हा जंतूंच्याच तपासणीची. अहवाल काय आला असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. जंतू शहाणे, त्या पाण्यात राहतील कशाला?

मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे वैशालीने काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून बाहेरच्या लॅबला दिलं. त्याचे पैसे बँडवाल्यांनी वर्गणी काढून भरले. त्या कागदावर पहिल्यांदा तेल हा शब्द आला, पेट्रोलच्या जातीतल्या विषारी गोष्टी आल्या, आणि खाली 'पिण्यास अयोग्य'. मॅडम म्हणाल्या, "मास्टर, यानेच तुमचा आजार झाला असं मी लिहून देऊ शकत नाही. पण हे पाणी पिऊन तुम्ही बरे झाला असता, असंही कुणी लिहून देऊ शकत नाही."

तो कागद घेऊन आम्ही ग्रामसभेला गेलो. साहेबही आले होते. मी भाषण पाठ करून गेलो होतो, पण बोलायला उठली माय. ती एवढंच म्हणाली, "साहेब, तुम्ही चांगलं शे म्हनं, म्हनीसन मी गल्लीले पाजं. आते तुम्हीच सांगा, मी लोकेस्ले काय सांगू?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पण प्यायले नाहीत, परत ठेवला.

पुढे जे झालं ते अर्धंमुर्धं झालं. बोअरवर लाल रंगाने फुली मारून तोंड बंद केलं. गावच्या योजनेची पाइपलाइन आमच्या गल्लीत आली. कारखान्याला नोटीस गेली, काही महिने धूर दिसला नाही. आता फाटकावर नवी पाटी आहे, टँकर जुनेच येतात. आम्ही लक्ष ठेवून आहोत आणि दर पावसाळ्याआधी तेलाची तपासणी मागतो. पाणी पुन्हा खारं आलं, डाळीत पुन्हा सोडा पडतो. माय कुरकुरते, पण खारं पाणी गाळून पिते.

तुमच्या गावात पाणी तपासायला कोणी आलं तर नुसतं योग्य की अयोग्य विचारू नका. काय काय तपासलं ते विचारा.

कारखाना सुरू

आकडा पहिल्यांदा वर सरकला तेव्हा मॅडमनी मला काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा वर गेला, तेव्हाही गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्टर, बाहेरच्या पेशी चढवून बरेच दिवस झाले. हे जे आहे ते तुमचं तुम्ही बनवलेलं आहे."

मी विचारलं, म्हणजे मुंबई?

"मुंबईला फिरायला जा."

वैशाली खुर्चीत बसली ती उठेचना. इतके महिने ती कंपनी, घर, हॉस्पिटल अशी धावत होती, एकदाही डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या दिवशी मॅडमच्या टेबलावर डोकं ठेवून ती हमसून रडली. मॅडमनी पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

औषधं अजून चालू आहेत. दर काही आठवड्यांनी सुई आहेच. कधी थकवा आला की दंडावर निळे डाग शोधत बसतो, आलं का परत? हे प्रत्येकाला होतं असं मॅडम म्हणतात. घाबरलात तर घाबरलात, लपवू नका, एवढंच. ट्रंपेट आधी तोंडाशी नुसतं धरायची परवानगी मिळाली, मग हलके सूर, मग एक अख्खं गाणं. आता वरातीच्या सुरुवातीला वाजवतो आणि अर्ध्या रस्त्यात टेम्पोत बसतो. कुणी तक्रार करत नाही.

परवा शिरपूरला लग्न होतं. आजारपणात माझी दाढी छातीपर्यंत आली होती. हमीदभाई म्हणायचे, मास्टर, आता तुम्ही माझ्यापेक्षा मोठे मौलाना दिसता. नंतर मशीनने बारीक करत होतो, पण लाल कोटावर ती खुरटी दाढी चांगली दिसेना. मॅडमनी ब्लेडला होकार दिला होता, माझाच धीर होत नव्हता. त्या सकाळी अंगणात आरसा टांगला, साबण लावला आणि वस्तरा घेतला.

हनुवटीखाली कापलंच. फेसावर लाल रेघ आली. माझ्या तोंडून अशी किंकाळी गेली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. वैशाली कणकेच्या हातांनी धावत आली. माय घरातून चष्मा शोधत आली, मागून ओरडत होती, मॅडमले फोन लावा, टेम्पो बोलवा. वैशालीने मला ओट्यावर बसवलं, मान मागे केली. मी डोळे मिटून घेतले. मायने पदराने फेस पुसला, चष्मा नाकावर चढवला, हनुवटी इकडून तिकडे फिरवली.

"कोठे कापाई गयं?"

"खाली, खाली," मी डोळे न उघडता म्हणालो.

"खाली काहीच नही शे."

वैशालीने बघितलं. मग तिने आरसा काढून माझ्या हातात दिला. मी मान वळवून बघितलं, पुन्हा बघितलं, बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. जखम कुठे होती तेही सापडत नव्हतं.